गोंयच्या सायबाच्या फेस्ताला जाताना

नोव्हेंबर संपत आला की बेळगावच्या कॅम्पातून, खानापूर-लोंढ्याकडून, सावंतवाडीहून आणि कारवारहून माणसे जुन्या गोव्याची वाट धरतात. कोणी बसने जाते, कोणी रेल्वेने, कोणी नवस बोलून पायी. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताचा दिवस. गोव्यातले लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि त्या दिवशी राज्याला सुट्टी असते.

बेळगावातल्या शहापूर, खासबाग, वडगावच्या मंडळींना गोवा काही नवा नाही. कुलदैवत तिकडे असलेली घरे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांचे दर्शन आणि परतताना एखादा समुद्रकिनारा हा आपला ठरलेला दौरा. पण इतक्या जवळ भरणाऱ्या या यात्रेला आपल्यातले फार थोडे गेलेले असतात. ‘आपण ख्रिस्ती नाही, मग तिथे जाऊन करायचे काय?’ ही शंका आडवी येते. ती मनातून काढून टाका. या फेस्ताला हिंदू भाविकही मोठ्या संख्येने येतात, मेणबत्ती लावतात, नवस फेडतात. कोणी कोणाची जात-धर्म विचारत नाही.

मात्र जाण्याची एक रीत आहे. फेस्त हे आधी प्रार्थना असते; बाजार, खाणेपिणे, फिरणे हे सगळे तिच्या भोवती उभे राहते. म्हणून दिवस, वेळ, कपडे, मुक्काम हे सारे प्रार्थनेच्या हिशेबाने ठरवा आणि एक मीस, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐका. एवढे केले तर बाकीचा प्रवास आपोआप चांगला होतो. हे सोडून बाकी सगळे केले, तर गर्दी, ऊन आणि गाडी लावायला जागा न मिळाल्याचा त्रास एवढेच पदरी पडते.

आधी थोडी ओळख

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हारे प्रांतात, आजच्या स्पेनमध्ये झाला. पॅरिसमध्ये शिकत असताना इग्नेशियस लॉयोला यांच्याशी त्यांची गाठ पडली. १५४० मध्ये पोपनी मान्यता दिलेल्या जेझुइट संघाच्या पहिल्या सोबत्यांपैकी ते एक. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढच्या दहा वर्षांत तमिळ किनाऱ्यावरची मच्छीमारांची गावे, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ मध्ये जपान असा त्यांचा प्रवास झाला. चीनमध्ये शिरायच्या प्रयत्नात असताना शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह आधी मलाक्काला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद मिळाले.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि मराठी वाचकाने ती वाचून जावे. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणी केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, ते गोव्यात सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. अ. का. प्रियोळकरांनी या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. हे सगळे जाणून घेतल्याने जाण्याला बाध येत नाही. फक्त वाद कुठे घालायचा याचे भान ठेवावे. पहाटेच्या रांगेत शेजारी उभी असलेली बाई मुलाच्या आजारपणासाठी मेणबत्ती घेऊन आलेली असते. तिच्या पुढ्यात इतिहासाचा हिशेब मांडणे हा सभ्यपणा नव्हे.

फेस्त वेगळे, शवप्रदर्शन वेगळे

ही गल्लत आपल्याकडे हमखास होते. संतांचे अवशेष जवळून दर्शनासाठी ठेवतात ते शवप्रदर्शन दर दहा वर्षांनी होते. अलीकडचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. तेव्हा अवशेषांची पेटी जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेली होती. त्याआधीचे २०१४-१५ मध्ये झाले. या क्रमाने पुढचे २०३४ मध्ये येईल.

दरवर्षीच्या फेस्ताला पेटी खाली उतरवत नाहीत. ती बॅसिलिकेत, संगमरवरी समाधीच्या माथ्यावर असते आणि दर्शन खालूनच घ्यायचे असते. तेव्हा ‘एवढे येऊन जवळून काहीच दिसले नाही’ अशी हळहळ नको. वर नीट पाहा. चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. खालची समाधी फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने घडवली, टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने ती भेट म्हणून पाठवली आणि १६९८ मध्ये ती इथे उभी राहिली. समाधीच्या चारही बाजूंना संतांच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारे ब्राँझचे फलक आहेत. रांग पुढे सरकत असताना त्यांतला एक तरी डोळे भरून पाहून घ्या.

दिवस कोणता निवडावा

२४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची प्रार्थना, चालते. या काळात पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ठरावीक अंतराने मीस होते. बहुतेक कोकणीत, पण इतर भाषांतही काही असतात. दहाव्या दिवशी, ३ डिसेंबरला फेस्त. त्या दिवशी सकाळचे मुख्य मीस मोठ्या धर्माधिकाऱ्यांच्या हस्ते होते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे. नोव्हेनाच्या नऊ दिवसांतला, सोमवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस धरा आणि पहाटेच्या मिसाला जा. हवा थंड असते, बसायला जागा मिळते, प्रवचन नीट ऐकू येते आणि नंतर समाधीच्या रांगेत फार काळ उभे राहावे लागत नाही. घरात वयस्कर किंवा लहान मुले असतील तर दुसरा विचारच करू नका. मधला शनिवार-रविवार टाळावा, कारण गोव्यातली नोकरदार मंडळी तेव्हाच येतात.

ज्यांना यात्रेचे पूर्ण रूप अनुभवायचे आहे त्यांनी ३ डिसेंबरलाच जावे, पण तयारीने. आदल्या रात्री पणजी किंवा फोंड्यात मुक्काम करून उजाडण्याआधी जुन्या गोव्यात पोहोचावे. सकाळी बेळगावहून निघून मुख्य मीस गाठू, असा हिशेब करू नका. चोर्ला घाटात वेळेवर असलात तरी शेवटचे चार किलोमीटर तुमच्या हातात नसतात.

वाट कोणती घ्यावी

शहापूरहून सर्वांत जवळची वाट जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी अशी. साखळीहून आमोणा, खांडोळा, माशेल, बाणस्तारी करत थेट जुन्या गोव्यात उतरता येते. पणजीला वळसा घालावा लागत नाही. सगळे मिळून अंतर ११० किलोमीटरच्या आसपास. चोर्ल्याच्या रस्त्याची अवस्था मात्र वर्षागणिक बदलते, म्हणून निघण्याआधी नुकताच जाऊन आलेल्या कोणाला तरी विचारा. पहाटे कणकुंबीच्या पट्ट्यात धुके असते आणि गवे रस्त्यावर येतात. अंधारात वेग आवरता ठेवा.

दुसरी वाट खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा अशी. ती लांब पडते, पण फोंड्यात मुक्काम असेल तर सोयीची. निपाणीकडच्या मंडळींनी बेळगावला यायची गरज नाही. उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीहून गोव्यात शिरावे आणि म्हापसा-पणजी मार्गे यावे. संकेश्वर-गडहिंग्लजची माणसेही आजऱ्याला याच रस्त्याला लागतात.

बसने जाणाऱ्यांना बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकातून कर्नाटक परिवहन आणि गोव्याची कदंब अशा दोन्ही बस मिळतात. बस फोंड्यावरून जाणारी असेल तर जुन्या गोव्यातच उतरता येते. डिचोलीवरून पणजीला जाणारी असेल तर पणजीहून मागे यावे लागते. वाहकाला विचारूनच तिकीट काढा. रेल्वेने लोंढा, कॅसल रॉक, कुळे करत मडगाव गाठता येते आणि तिथून कोकण रेल्वेने करमळीला. जुन्या गोव्याला सर्वांत जवळचे स्थानक हेच. मात्र दोन गाड्यांच्या वेळा जुळतात का, हे आधी पाहा.

स्वतःची गाडी असेल तर ती फेस्ताच्या दिवशी चर्चपर्यंत जाणार नाही, हे धरूनच चला. पोलीस वाहतूक वळवतात, गाड्या बाहेरच्या मैदानांत लावायला सांगतात आणि पुढे चालावे लागते. वयस्कर माणसांना आधी जवळ उतरवू म्हटले तरी तसे होईलच असे नाही. गाडी पणजीत किंवा फोंड्यात ठेवून बसने आत जाणे हा कमी त्रासाचा मार्ग. गाडीची कागदपत्रे आणि प्रदूषण प्रमाणपत्र जवळ असू द्या.

पायी जाणार असाल तर

आपल्याकडून पायी जाणाऱ्या तुकड्या निघतात आणि त्यांत दरवर्षी काही नवी माणसे सामील होतात. वारी पाहिलेल्या माणसाला त्यांची रीत लगेच कळते. ठरलेले मुक्काम, पुढे-मागे गडी, सामानाची गाडी, वाटेत प्रार्थना आणि गाणी. एकट्याने किंवा दोघांनी मिळून ही वाट धरू नये. कणकुंबी ते केरी हा पट्टा दाट जंगलाचा आहे, दुकाने तुरळक आणि फोनला रेंज जेमतेम. कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलमध्ये किंवा ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे ऑक्टोबरमध्येच चौकशी करा. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. त्याआधी इथला काही भाग गोव्याच्याच धर्मप्रांतात होता, त्यामुळे इथल्या ख्रिस्ती घरांची जुन्या गोव्याशी असलेली ये-जा जुनी आहे.

शरीराची तयारी आधी महिनाभर सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस तासभर आणि रविवारी शहापूर ते येळ्ळूरचा राजहंसगड जाऊन-येऊन, एवढे जमले तर पाय तयार झाले समजा. नवे बूट घालून निघू नका. वापरून मऊ झालेले बूट, सुती मोजे आणि बदलायला दुसरी जोडी घ्या. टाचेला किंवा बोटाला चुरचुर जाणवली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. पुढच्या मुक्कामावर बघू म्हटले की फोड आलाच. आलेला फोड फोडू नका. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका आणि रोज संध्याकाळी तळपाय कोणाकडून तरी तपासून घ्या.

रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चाला. पहाटे आणि संध्याकाळी चमकणारी पट्टी असलेले जाकीट अंगात असावे. घाटमाथ्यावर पहाटे चांगलीच थंडी असते आणि केरीला उतरलात की घामाच्या धारा लागतात, म्हणून कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे ठेवा. पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट प्या. तहान लागायची वाट पाहू नका.

या तुकड्या जुन्या गोव्यात पोहोचतात तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. सगळ्यांत पुढे खुरीस (क्रूस) धरलेला तरुण, मागे ओळीने माणसे, कोणाच्या टाचांना पट्ट्या, कोणी काठीच्या आधाराने. आधी चार-पाच दिवस गप्पा मारत आलेली तुकडी बॅसिलिकेचा लाल जांभ्याचा दर्शनी भाग दिसला की गप्प होते. अशा वेळी त्यांच्या आड येऊन फोटो काढू नका. बाजूला व्हा, वाट द्या.

मुक्काम, खाणे, पिशवी

जुन्या गोव्यात राहण्याची सोय थोडी आहे. पणजी, फोंडा किंवा म्हापसा हेच पर्याय. फोंडा तालुक्यात तुमचे कुलदैवत असेल तर देवस्थानच्या अग्रशाळेत चौकशी करा. पण डिसेंबर हा गोव्यातला गर्दीचा महिना, तेव्हा ऑक्टोबरमध्येच जागा सांगून ठेवलेली बरी.

यात्रेत चहा, पाव-भाजी, ऑम्लेट, चोरीस-पाव हे सहज मिळते. शाकाहारी असाल तर दुकानदाराला आधी विचारा, कारण एकाच तव्यावर सगळे भाजले जाते. लांबच्या प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी ही आपली शिदोरी बरी. पाण्याची बाटली प्रत्येकाकडे वेगळी असावी.

गोव्यातल्या ख्रिस्ती ओळखीच्या घरी फेस्ताच्या जेवणाचे आमंत्रण मिळाले तर संकोच करू नका, नक्की जा. फेस्ताला घरी आलेला पाहुणा त्यांना हवाहवासा असतो. तुम्ही काय खाता, काय खात नाही हे आदल्या दिवशी कळवा आणि जाताना बेळगावचा कुंदा घेऊन जा. ओल्या मिठाईपेक्षा तो टिकतो आणि तिकडे त्याचे अप्रूपही आहे.

पिशवीत टोपी, छोटी छत्री, रुमाल, नेहमीची औषधे, सुटे पैसे आणि ओळखपत्राची प्रत एवढे पुरे. मोठ्या बॅगा घेऊन रांगेत उभे राहू नका. गर्दीच्या वेळी फोन लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधीच ठरवा. चर्चचे दार ही खूण उपयोगाची नाही, कारण तिथे सगळेच उभे असतात. गांधी सर्कलचा पुतळा सांगितला तर कोणालाही विचारून पोहोचता येते. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

मिसाला बसताना

हा या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश वाचा.

कपडे अंग झाकणारे असावेत. बिनबाह्यांचे कपडे आणि आखूड चड्ड्या चालत नाहीत; समुद्रकिनाऱ्यावरून तसेच इकडे येणाऱ्यांमुळे तिथल्या लोकांना मनस्ताप होतो. साडी, सलवार-कमीज, साधी विजार-शर्ट उत्तम. पुरुषांनी आत जाताना टोपी काढायची. चपला काढायच्या नाहीत, पायांत तशाच ठेवायच्या. आपण सवयीने दाराशी काढून ठेवतो आणि परतताना त्या सापडत नाहीत.

सुरू होण्याआधी अर्धा तास जाऊन मधल्या किंवा मागच्या बाकांवर बसा. फोन बंद करा. मिसाला साधारण तास-सव्वा तास लागतो. आधी प्रार्थना आणि गाणी, मग बायबलमधली वाचने, मग प्रवचन, त्यानंतर भाकरी आणि द्राक्षरसाचे अर्पण आणि शेवटी आशीर्वाद. लोक उभे राहतील तेव्हा उभे राहा, बसतील तेव्हा बसा. काही ठिकाणी ते गुडघे टेकतात, तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी कोणाला वावगे वाटत नाही. हात जोडून बसायला काहीच हरकत नाही. कोकणीतले प्रवचन आपल्याला बरेचसे कळते. पहिली पाच मिनिटे कान लावून ऐकले की शब्द ओळखीचे होत जातात.

मध्येच एका क्षणी आजूबाजूची माणसे एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देतात. कोणी तुमच्याकडे वळून हात जोडले तर तुम्हीही हसून हात जोडा. दानाची पिशवी फिरते, तिच्यात टाकायचे की नाही हे तुमच्यावर आहे.

त्यानंतर लोक रांगेने पुढे जातात आणि पाद्री त्यांच्या हातावर किंवा जिभेवर पांढरी पातळ चकती ठेवतात. याला कोकणीत कुमगार म्हणतात. या रांगेत आपण जायचे नाही. आपल्याकडे देवळातला प्रसाद येईल त्याला मिळतो, म्हणून अनेकांना वाटते की हाही तसाच असेल. पण कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार तो ख्रिस्ताचा देह असतो, आणि बाप्तिस्मा झालेले, तयारी करून आलेले कॅथलिकच तो घेतात. उत्सुकतेपोटी हातात घेऊन खिशात ठेवलेली चकती त्यांच्या दृष्टीने फार मोठा अपमान ठरते. शेजारच्यांना जाऊ द्यायला पाय बाजूला घ्या आणि जागेवर शांत बसा. हा भाग झाला की बाहेर पडायची घाई नको. शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत थांबा.

फोटोबाबत एकच नियम पाळा. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा टिपू नका. कुमगाराचा आणि पापनिवेदनाला उभ्या असलेल्यांचा फोटो तर कधीच नको. वास्तूचे फोटो मीस संपल्यावर, जिथे परवानगी असेल तिथे काढा.

पाद्रींना ‘फादर’ आणि जोगिणींना ‘सिस्टर’ म्हणावे. आपण मराठीत बोललो तरी तिकडे सगळ्यांना समजते. कोणी वाट दाखवली, जागा दिली तर ‘देव बरें करूं’ म्हणा, ऐकणाऱ्याला आनंद होतो.

मेणबत्ती, नवस आणि फेरी

इथे नारळ फोडण्याची प्रथा नाही. मेणबत्ती आणि फुले हेच अर्पण. मेणबत्ती आत न लावता बाहेर ठरवलेल्या जागी लावायची असते. दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे मांडलेली दिसतात. ज्या अवयवाला दुखणे, त्याची मेणाची प्रतिकृती वाहतात. मूल व्हावे म्हणून बाळ वाहतात. हातात घेऊन हसत पाहण्याची ती वस्तू नाही, हे मुलांनाही आधी सांगून ठेवा. तुम्हाला स्वतःला काही मागायचे असेल तर साधी मेणबत्ती लावून मागा. कोणी अडवत नाही.

मीस झाल्यावर फेरीत फिरा. फेरी म्हणजे यात्रेचा बाजार. भांडी, गरम कपडे, फर्निचर, खेळणी असे सगळे असते, पण घरी न्यायची गोष्ट एकच: खाजें. बेसनाच्या तळलेल्या कांड्या गुळाच्या पाकात घोळवतात, त्यात आले आणि तीळ असतात. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घेताना एक कांडी मोडून पाहा. कटकन मोडली, पाक हाताला चिकटला नाही आणि आल्याचा झणका नाकाशी आला, की ते ताजे. उन्हात दिवसभर उघडे राहिलेले खाजें मऊ पडलेले असते. गर्दी कमी असते अशा सकाळच्या वेळी घेतलेले बरे.

एक व्यावहारिक सूचना. गोव्यात दारू स्वस्त म्हणून परतताना गाडीत बाटल्या भरू नका. परवान्याशिवाय ती कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे आणि सीमेवरच्या नाक्यांवर तपासणी होते.

हाताशी दोन तास असतील तर

जुने गोवे ही एके काळची राजधानी. रोगराईमुळे लोक सोडून गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. उरली ती चर्चे आणि मठ. १९८६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. से कॅथेड्रलचा एकच मनोरा दिसतो, कारण दुसरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. टेकडीवर संत ऑगस्टिनच्या पडक्या चर्चचा उंच मनोरा उभा आहे. तिथे फेस्ताच्या दिवशीही गर्दी कमी असते.

मराठी माणसाने आणखी एक ठिकाण चुकवू नये. संत पॉल महाविद्यालयाची आता फक्त कमान शिल्लक आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये याच संस्थेत सुरू झाला. झेवियर यांच्याच जेझुइट संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ओवी छंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. आपल्या बेळगावात १८५६ पासून चालत आलेली संत पॉल शाळा याच परंपरेतली. आपल्या भाषेचा आणि या वास्तूंचा एवढा जवळचा संबंध आहे, हे तिथे उभे राहून आठवावे.

डिसेंबर जमलाच नाही, तर ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यात म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त असते. शिरगावची लईराई आणि मिलाग्रिस या बहिणी, अशी तिकडची श्रद्धा आहे आणि दोन्ही धर्मांची माणसे तिथे तेल वाहायला येतात. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त आणि ६ जानेवारीला रेईस मागूस येथे तीन राजांचे फेस्त असते. पहिल्यांदा जाणाऱ्याला ही लहान फेस्ते सोपी जातात.

सुरुवात घराजवळून करा

हे सगळे वाचून जायचे ठरवले असेल तर पहिले पाऊल बसस्थानकाकडे टाकू नका. आपल्या कचेरीत, शाळेत, गल्लीत, कॅम्पात ओळखीचे एखादे ख्रिस्ती कुटुंब असेलच. त्यांना सांगा, ‘यंदा फेस्ताला आम्हालाही यायचे आहे, कधी निघता?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘आमच्यासोबतच चला.’ नोव्हेंबरच्या आधीच्या एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर फातिमा कॅथेड्रलमध्ये एक मीस ऐका. कधी उभे राहायचे, कधी बसायचे याचा सराव होतो आणि तिकडे गेल्यावर अवघडल्यासारखे होत नाही. गोव्यात कोणत्या भाषेतले मीस किती वाजता, गाडी कुठे लावायची, रात्री कुठे राहायचे ही ताजी माहिती त्यांच्याइतकी कोणाकडेच नसते.

शेजारच्या घरातले सण आपल्याला माहीत असतात ते बहुतेक फराळापुरते. फेस्ताला त्यांच्यासोबत गेलात, रांगेत उभे राहिलात, एक मीस पूर्ण ऐकलेत, तर तो सण त्यांना का मोलाचा वाटतो हे कळते. सीमाभागात तीन-चार भाषा आणि दोन-तीन धर्म एकाच रस्त्यावर नांदतात. एकमेकांच्या देवाच्या दारी जाणे हा इथे राहण्याचाच भाग आहे. यंदा २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबरमधला एक दिवस दिनदर्शिकेवर आताच खूण करून ठेवा.